रोगाला दाद न देणारी वाइनची द्राक्षजात शेतावर तयार करता येते का? मालव्यातली बाग आहे, सल्ला हवा

देपालपूरचा मळा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय इथे, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही इंदूरचे, घर लोकमान्य नगरला, शेती देपालपूर रस्त्याला साडेतीन बिघे. आजोबांपासून तिथे गहू, हरभरा आणि पावसाळ्यात सोयाबीन, पण बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांनी हौसेनं एक बिघा द्राक्ष लावली, खायची नाही, वाइनची, शिराझ. रतलामकडे द्राक्षाच्या बागा आहेत, हवा आपल्यासारखीच, आणि तिकडचे एकजण माल उचलायला तयार होते म्हणून. बाबा आता नाहीत, बाग मी बघतो, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार.

प्रॉब्लेम केवडा, म्हणजे वेलीचा बुरशीचा रोग. मागच्या वर्षी ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी केली, घड छान निघाले आणि नेमकं फुलोऱ्यात मावठ्याचा पाऊस, तीन दिवस, वर सकाळचं धुकं. पुढच्या शनिवारी गेलो तर पानांखाली पांढरी बुरशी, त्याच्या पुढच्या शनिवारी घड तपकिरी होऊन वाळलेले. केवडा आवरला की जानेवारीत भुरी, ती दुसरी बुरशी. वहीत मोजल्या, सीझनच्या 23 फवारण्या झाल्या, मोरचूद-चुन्याच्या बोर्डोपासून झाडात भिनणाऱ्या महागड्या आंतरप्रवाही औषधांपर्यंत सगळं मारलं. आई म्हणते इतकं औषध पिऊन जे पिकतं ते मला देवापुढे ठेववत नाही, आणि मला तिला उत्तर देता येत नाही.

मग मनात आलं की झाडच असं हवं ज्याला रोग लागत नाही. एका नर्सरीतून रोगप्रतिकारक म्हणून काड्या आणल्या होत्या, दोन वर्षं जीव लावून वाढवल्या, फळ आलं तर साधी खायची थॉम्सन. तेव्हापासून दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलंय. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या एआरआय-516 या संकरित जातीबद्दल वाचलं, बेंगलोर ब्लूच्या पाच वेली एका नातेवाइकाकडून मिळाल्यात. तर शिराझ आणि बेंगलोर ब्लूचा संकर मी स्वतः करू शकतो का, किती रोपं लागतील, किती वर्षं जातील, आणि निघालेल्या वेलीला खरंच रोग लागत नाही हे कळणार कसं? मी कॉमर्सवाला आहे, सोप्या भाषेत सांगा.

बडोद्याची ताई

दादा, तुमच्या आईंचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ. माझं शिक्षण वनस्पतिरोगशास्त्रातलं, माहेर तुमच्या इंदूरचंच, रामबाग, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घ्या की शिराझ, कॅबर्ने, आपली थॉम्सन, या सगळ्या एकाच जातकुळीच्या, व्हिटिस व्हिनिफेरा. ही कुळी युरोप आणि पश्चिम आशियात वाढली. केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेतले. तिथल्या रानवेली हजारो वर्षं या बुरशींसोबत जगल्या म्हणून त्यांच्यात प्रतिकार तयार झाला, आणि शिराझच्या बापजाद्यांनी ही बुरशी कधी पाहिलीच नव्हती. भुरी युरोपात 1845 ला दिसली, केवडा 1878 ला फ्रान्समध्ये, आणि मधल्या काळात मुळांवरची फायलोक्सेरा कीड. तिच्यावर अमेरिकन खुंटावर कलम करून उपाय निघाला, आपण डॉगरिज या खुंटावर कलम करतो ती पद्धत तिथूनच आली. पण खुंट फक्त मूळ वाचवतो, वरची पानं शिराझचीच राहतात, त्यामुळे केवड्याला तुमचा खुंट काहीच करू शकत नाही. तुम्ही मारता तो बोर्डोसुद्धा 1885 मधला. बोर्दो भागात चोरांनी द्राक्ष खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, त्या वेलींवर केवडा कमी आहे हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं. म्हणजे रोग आपण झाडाच्या बाहेरून आवरत आलोय सव्वाशे वर्षांहून जास्त. तुम्ही तो झाडाच्या आतून आवरायचं म्हणताय, हा विचार अगदी बरोबर आहे.

आता शिराझ आणि बेंगलोर ब्लू. करता येईल, पण पहिल्याच पिढीत वाइनची जात मिळेल अशी आशा ठेवू नका. बेंगलोर ब्लूमध्ये लाब्रुस्का या अमेरिकन कुळीचा अंश आहे, म्हणून करपा हा तिसरा बुरशीचा रोग तिला कमी लागतो आणि केवड्यातही ती तग धरते. पण तोच अंश तो जड गोड वास आणतो, मिथिल अँथ्रानिलेट नावाच्या द्रव्याचा, ज्यूसमध्ये लोकांना तो आवडतो, वाइनमध्ये दोन घोटांनंतर नकोसा होतो. फ्रान्सनं 1934 मध्ये अशा सहा जातींवर बंदीच घातली, इसाबेला, नोआ वगैरे. आघारकरची एआरआय-516 सुद्धा अशाच मेळातली, आई कॅटॉबा म्हणजे लाब्रुस्काकडची आणि बाप ब्यूटी सीडलेस म्हणजे व्हिनिफेरा. तिची शिफारस ज्यूस, बेदाणा, वाइन अशी सगळ्यासाठी आहे आणि बुरशीला ती चांगली तोंड देते.

तर माझं मत, एआरआय-516 च्या खात्रीच्या काड्या थेट संस्थेकडूनच मिळतात का ते विचारा, आणि तिचा शिराझशी संकर करा. म्हणजे एक पिढी तुमच्याआधी कुणीतरी केलेली आहे ती वापरायची. अमेरिकन रक्त पाव भागावर येतं, वास कमी होतो. तरीही वास नकोसा वाटला तर निवडलेली वेल पुन्हा व्हिनिफेराशी, पण दुसऱ्या जातीशी, शिराझशीच परत परत नको, द्राक्षात जवळच्या नात्यातला संकर केला की रोपं खुरटतात. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अँड्र्यू वॉकर यांनी पिअर्स या जिवाणूच्या रोगासाठी हेच केलं, व्हिटिस ॲरिझोनिका कुळीच्या रानवेलीचा एकच जीन घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या व्हिनिफेराशी संकर करत राहिले, 2019 मध्ये पाच जाती बाहेर आल्या, त्यात रानवेल नावापुरती उरलीये आणि जीन मात्र शाबूत.

वर्षांचं विचारलंत. जर्मनीत गाइलवाइलरहोफच्या संशोधन संस्थेत रेजेंट नावाची लाल जात झाली, संकर 1967 चा आणि दर्जेदार वाइनसाठी परवानगी 1996 ला. फ्रान्समध्ये सरकारी संशोधन संस्थेचं काम 2000 मध्ये सुरू झालं, आर्ताबान, व्हिडोक, फ्लोरेआल, व्होल्टिस या चार जाती नोंदवल्या गेल्या 2018 ला. तुम्हाला सरकारी मान्यता नकोय, स्वतःच्या बिघ्यावर लावायची आहे, तर दहा-बारा वर्षांत हाताशी काहीतरी येईल. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, पण दोन वर्षांनी सोडून दिलंत तर लावलेली सगळी रोपं वाया जातील, म्हणून आधीच सांगते.

तासगावची लेक

ताईंनी शास्त्र सांगितलं, मी हाताचं सांगते. माहेर तासगाव, लहानपण द्राक्षबागेत गेलं, आता बारा वर्षं इंदुरात सुदामा नगरला. एका प्रयोगाच्या प्लॉटवर मी संकर करायचं काम चार सीझन केलंय.

भाऊ, द्राक्षाचं फूल एवढंसं असतं, मोहरीएवढं, आणि त्याला पाकळ्या उघडत नाहीत, वरची हिरवी टोपी खालून सुटून पडते. टोपी पडली की आतले पाच पुंकेसर मोकळे आणि स्वतःचेच परागकण स्वतःवर. म्हणून टोपी पडायच्या आधी एक-दोन दिवस काम करायचं, बारीक चिमट्यानं टोपी आणि पुंकेसर एकत्र उचलायचे, मधलं हिरवं बोंड तसंच राहू द्यायचं, त्याला चिमटा लागला तर ते फूल गेलं. एका घडावर शंभर-दीडशे फुलं ठेवा, बाकी कातरीनं काढून टाका, नाहीतर नजर थकते आणि एक फूल सुटलं तरी घरचाच पराग पडतो. मग लगेच पिशवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोंडाच्या टोकावर चकाकणारा थेंब दिसला की बापाचे परागकण मऊ ब्रशनं लावायचे, सकाळी, दोन दिवस लागोपाठ, परत पिशवी बंद. आणि घडाला टॅग, आई-बाप आणि तारीख पेन्सिलनं लिहा, शाई पहिल्या दवात जाते.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे जी युरोपात नाही. तिथे थंडी संपली की वेल फुटते, तेव्हाच फुलोरा. आपल्याकडे छाटणी आपल्या हातात. दोन जाती वेगवेगळ्या वेळी फुलत असतील तर बापाची छाटणी आठ दिवस आधी करा, फुलोरा जुळतो. छाटणीपासून साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी फूल, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची छाटणी धरली तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्ट्या काढून ठेवा, हे काम शनिवार-रविवारचं नाही, फूल तुमच्या रविवारची वाट बघणार नाही.

आई बीवाली जातच घ्या, थॉम्सनसारखी बिनबियांची आई केली तर बी आतल्या आत मरतं, त्याला मग लॅबमध्ये गर्भ काढून वाढवावा लागतो. तुमची शिराझ बीवाली, तिला आई करा, पराग एआरआयचा. मण्यात जास्तीत जास्त चार बिया, प्रत्यक्षात एक-दोनच भरतात. मणी पूर्ण पिकल्यावर बिया काढा, धुवा, पाण्यात टाका, तरंगतात त्या फेका. बुडलेल्या ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये तीन महिने, खालच्या कप्प्यात, बर्फाच्या नाही. ती थंडी मिळाली नाही तर बी वर्षभर झोपून राहतं. मार्च-एप्रिलला बी निघालं तर फ्रिजमधून जून-जुलैत बाहेर, नेमका पाऊस, आणि तो तुम्हाला हवाच आहे, का ते ताई सांगतीलच.

कृषी कॉलेज 1978

लेकीनं फार छान लिहिलं आहे. मी इंदूरच्या कृषी महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. ज्या जागेवर आम्ही शिकलो तिथे 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभारली, आणि जगभर ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती तिथेच तयार झाली. इंदूरला येण्याआधी दोघांनी बिहारात पुसा इथे गव्हाच्या जाती काढल्या होत्या, म्हणजे पैदास त्यांना चांगली ठाऊक होती. तरी हॉवर्ड साहेबांचं म्हणणं होतं की रोग ही झाडाची तक्रार असते, आधी माती बघा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, मुळं गुदमरतात. तुम्ही नवीन जातीच्या मागे दहा वर्षं जाण्याआधी चर काढा, कंपोस्ट घाला, युरिया बंद करा, 23 फवारण्यांच्या दहा होतील असं माझं अनुभवाचं मत आहे.

बडोद्याची ताई

काका, नमस्कार. चर आणि युरियाचं शंभर टक्के पटलं, जास्त नत्रानं पान लुसलुशीत आणि दाट होतं, आत हवा खेळत नाही, तिथे केवडा आधी बसतो. पण केवड्यापुरतं थोडं वेगळं म्हणते. त्याचा बीजाणू पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रातून शिरतो आणि त्याला फक्त पानावर काही तास ओल लागते. माती कितीही सुदृढ असली तरी शिराझचं पान त्याला आत येण्यापासून अडवत नाही, कारण तो शत्रू आहे हेच ते ओळखत नाही. प्रतिकारक वेल ओळखते, आणि बुरशी जिथे शिरली तिथल्या आपल्या पेशी स्वतःच मारून टाकते. बुरशी जिवंत पेशीवरच जगते, भोवतालच्या पेशी मेल्या की ती उपाशी मरते. दोन्ही करावं, मातीही आणि जातही.

आणि दादा, तुमचा शेवटचा प्रश्न याच्यातच आहे. ओळखायचं कसं? रोपं सहा-आठ पानांची झाली की पावसात उघड्यावर ठेवा आणि त्यांच्यावर काहीही फवारू नका. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, कारण इतक्या मेहनतीनं आलेलं रोप मरताना बघवत नाही आणि माणूस हळूच थोडं बोर्डो मारतो, आणि त्या दिवशी पूर्ण प्रयोग संपतो, कारण मग वाचलेलं रोप स्वतःच्या बळावर वाचलं का औषधावर ते कधीच कळत नाही. पान उलटून बघा. वरती तेलकट पिवळा डाग आणि खाली दाट पांढरी लव, ते रोप गेलं, उपटा. खाली लव नाही, फक्त बारीक तपकिरी ठिपके, टाचणीनं टोचल्यासारखे, ते रोप ठेवा, त्यानं लढाई दिली आहे. आणि अजिबात डाग नाही असंही रोप असेल, त्याच्यावर लगेच खूश होऊ नका, कदाचित त्याच्यापर्यंत बीजाणू पोचलाच नसेल. म्हणून रोपांच्या मधेमधे साध्या शिराझच्या कुंड्या ठेवा, त्या माखल्या तरच परीक्षा झाली असं धरा. ही रोपवाटिका मुख्य बागेपासून लांब ठेवा, नाहीतर तिथला रोग बागेत जाईल.

हिशोब असा. आईबापांपैकी एकाकडेच प्रतिकाराचा एक जीन असेल, तोही जोडीतल्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत, तर निम्म्या रोपांत तो येतो. असे दोन वेगवेगळे जीन हवे असतील तर पाव हिस्सा रोपांत. 200 रोपं उगवली तर दोन्ही जीनवाली 50. त्यात भुरी, करपा, घडाचा आकार, साखर, आंबटपणा, वास, असं गाळत गेलात की हातात दोन-तीन उरतात, कधी एकही नाही. पंधरा-वीस रोपांवर हा खेळ होत नाही.

दोन जीनचा आग्रह का ते पण सांगते. हंगेरीची बिआंका नावाची जात एकाच मुख्य जीनवर केवड्याला रोखत होती, आणि चेक देशात केवड्याचं असं वाण सापडलं जे त्या जीनला जुमानत नव्हतं. 2010 मध्ये हे छापून आलं. फ्रान्सच्या वर लिहिलेल्या चार जातींत म्हणून केवड्याविरुद्ध दोन आणि भुरीविरुद्ध दोन असे जीन एकत्र आणलेत, आणि तरीही तिथले शेतकरी वर्षाला एक-दोन फवारण्या करतात, बुरशीला शिकायला वेळ मिळू नये म्हणून. तुम्ही पण ते धरून चाला, 23 च्या शून्य नाही, पण दोन-तीन नक्की, पण तेही जात निवडून झाल्यावर, परीक्षेच्या काळात नाही.

तासगावची लेक

एक राहिलं. पान वाचलं म्हणजे घड वाचेल असं नाही. आमच्याकडे एक वेल होती, पावसात पान हिरवंगार आणि फुलोऱ्यात घड केवड्यानं गेले, तीन वर्षं सांभाळून मग काढली, मला रडू आलं होतं. त्यामुळे घड दिसेपर्यंत कुणाला फार जवळ करू नका. आपल्याकडच्या उन्हात रोप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घड दाखवतं.

देपालपूरचा मळा

काय बोलू, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात. आईला सगळं वाचून दाखवलं. ते "काहीही फवारू नका" वर ती म्हणाली की ते काम माझ्यावर सोड, मी उपटीन, तुझ्यानं होणार नाही, आणि खरंच तसं आहे.

काका, चर या उन्हाळ्यातच काढतो, खालच्या अंगाला पाणी थांबतं हे बाबा पण म्हणायचे.

ठरवलंय ते असं. या ऑक्टोबरात संकर नाही, काड्याच नाहीयेत. या वर्षी पुण्याला विचारून एआरआयच्या काड्या आणणार, डॉगरिजवर कलम करणार. बेंगलोर ब्लूच्या पाच वेली आहेत त्यावर या नोव्हेंबरात फक्त हात बसवतो, टोपी काढायची प्रॅक्टिस. पुढच्या वर्षी वेळेवर फुललं तर तेव्हा, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी शिराझच्या सहा वेली आई म्हणून. नोव्हेंबरची दहा दिवस सुट्टी आत्ताच मागून ठेवतो. दोन प्रश्न राहिले. पिशव्या कसल्या घ्यायच्या? आणि वाइन चांगली होते का हे बघायला घरी थोडी करून बघायची तर चालतं का?

तासगावची लेक

बटर पेपरच्या. प्लास्टिकच्या अजिबात नको, आत घाम धरतो आणि फूल कुजतं. खाकी कागद दवात भिजून घडाला चिकटतो. इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतात का विचारा, नाहीतर कागद आणून घरी चिकटवा, मी डिंकानं करायची. फुलोऱ्याच्या आधी एक दिवस शेतावर येते तुमच्या, चिमटा धरायचा कसा ते समोर दाखवलं की दहा मिनिटांत येतं.

बडोद्याची ताई

वाइन करण्याआधी आबकारी खात्यात विचारून घ्या, लायसनचा विषय आहे. सुरुवातीला त्याची गरजही नाही, ज्यूसवर बरंच कळतं. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र घ्या, पिकताना शिराझ आणि नवीन वेलीचं ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, एकाच दिवशी लिहा, आंबटपणासाठी पीएच लिहा, आणि मणी चावून साल सुटते का बघा, गर एका बाजूला आणि साल एका बाजूला अशी चटकन सुटली तर लाब्रुस्काचा अंश अजून भारी आहे. वास आईंना घेऊ द्या, डोळे मिटून, कुठली वेल ते न सांगता.

आणि पहिली रोपं पावसात ठेवाल तेव्हा पानाच्या खालच्या बाजूचे फोटो टाका इथे, सकाळी नऊच्या आत काढा, उन्हात ती लव बसून जाते.